एका ओव्हनवर दोन पंगती: मराठी घरातलं थँक्सगिव्हिंग

२०२५ साली थँक्सगिव्हिंग (अमेरिकेतला आभार मानण्याचा सण) २७ नोव्हेंबरला होतं आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही त्याच दिवशी होता. २०२२ सालीही असंच झालं होतं. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे २२ ते २८ तारखांच्या दरम्यान येतं. कार्तिक अमावास्या लवकर आली की महालक्ष्मीच्या व्रताचा पहिला गुरुवार नेमका त्याच दिवशी येतो. २०२२ मध्ये सासूबाई आमच्याकडे न्यू जर्सीला होत्या. त्यांना घट मांडायचा होता, दिवसभर उपास करायचा होता आणि संध्याकाळी कहाणी वाचून नैवेद्य दाखवायचा होता. मुलांनी मात्र महिनाभर टर्कीचा, म्हणजे त्या दिवशी अख्खा भाजतात त्या मोठ्या पक्ष्याचा, धोशा लावला होता. दोन अमेरिकन शेजारी आणि विद्यापीठात शिकणारी तीन मराठी मुलं जेवायला येणार होती.

ओळखीच्या बऱ्याच घरांनी टर्की शनिवारवर ढकलली. मी दोन्ही एकाच दिवशी केलं, आणि तेव्हापासून दर वर्षी, व्रत असो-नसो, त्याच पद्धतीने करते. कारण व्रत नसलं तरी आपल्या पंगतीत निम्मे लोक शाकाहारी असतातच. टर्कीभोवती सगळा बेत आखला, तर त्यांच्या पानात उकडलेले बटाटे आणि ब्रेड एवढंच उरतं. म्हणून पहिली पायरी ही: दोन्ही पंगतींना चालतील असे पदार्थ आधी ठरवा. माझे चार आहेत. क्रॅनबेरीचा मेथांबा, रताळ्याच्या गुळातल्या फोडी, लोण्यातले कुस्करलेले बटाटे आणि भोपळ्याचे घारगे. यांपैकी एकातही कांदा-लसूण नाही, त्यामुळे व्रताच्या पानातही हे चालतात. टर्की, स्टफिंग (पावाचा कुस्करा), ग्रेव्ही (वरून घ्यायचा दाट रस) हे सगळं नंतर.

सण कशाचा आहे

मुलं शाळेतून टर्कीची चित्रं रंगवून आणतात, सोबत १६२१ ची गोष्टही आणतात. मॅसेच्युसेट्समधल्या प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या लोकांनी पहिलं पीक हाती आल्यावर जेवण केलं. तिथले मूळ रहिवासी असलेल्या वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट सुमारे ९० माणसांसह आला, त्यांनी पाच हरणं आणली आणि तीन दिवस खाणंपिणं चाललं. एवढं त्या काळच्या एका पत्रात लिहिलेलं आहे. पुढचं शाळेत क्वचितच सांगतात. १६७५ मध्ये मॅसासोइटच्याच मुलाचं इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि त्यात वाम्पानोआग लोकांची धूळधाण झाली. १९७० पासून त्यांचे वंशज आणि इतर आदिवासी याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. मुलं दहा-अकरा वर्षांची झाली की दोन्ही गोष्टी सांगाव्यात, असं मला वाटतं. त्यांना ते झेपतं.

देशभराचा सण म्हणून तो १८६३ मध्ये, ऐन यादवी युद्धात, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी जाहीर केला. त्यासाठी सारा जोसेफा हेल नावाच्या संपादिकेने कित्येक वर्षं पत्रं लिहून पाठपुरावा केला होता. चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ साली.

आपल्याला हा सण परका वाटायचं कारण नाही, असं मी पाहुण्यांना सांगते. आपल्याकडे नवान्न पौर्णिमेला नवा तांदूळ देवापुढे ठेवूनच तोंडी लावतात. शिवाय मका, लाल भोपळा, रताळं, बटाटा, मिरची, शेंगदाणा ही सगळी पिकं मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली, आणि आज त्यांच्याशिवाय आपलं उपासाचंही पान लागत नाही.

टर्की किती मोठी, कुठली

टर्की खाणारी माणसं मोजा आणि माणशी दीड पौंड धरा. हाडं धरून वजन असतं, म्हणून हे जास्त वाटलं तरी जास्त नाही. आठ जणांना १२ पौंडांची पुरते आणि दुसऱ्या दिवशीच्या रश्शापुरतं मांसही उरतं. १४ पौंडांच्या वर जाऊ नका. मोठा पक्षी बाहेरून वाळतो, आत कच्चा राहतो आणि ओव्हनमध्ये बाकी कशालाच जागा ठेवत नाही. जास्त माणसं असतील तर नुसत्या छातीचा तुकडा वेगळा मिळतो, तो जोडीला घ्या.

वेष्टनावर मिठाच्या पाण्याचं द्रावण भरल्याचं लिहिलं असेल, तर त्या टर्कीला वरून मीठ चोळायचं नाही. तसं काही लिहिलेलं नसेल तीच मी घेते, म्हणजे मीठ आपल्या हातात राहतं.

दुकानातच शाकाहारी मंडळींसाठी तीन वेष्टनं नीट वाचा. स्टफिंगच्या तयार खोक्यात बहुतेकदा चिकनचा अर्क असतो. मार्शमॅलोत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला पदार्थ; त्यामुळे मार्शमॅलो घातलेली रताळी शाकाहारी नसतात. आणि पाय (pie) नावाच्या, सारण भरून भाजायच्या पदार्थाच्या काही तयार पाऱ्यांत डुकराची चरबी घातलेली असते. आपल्या विश्वासावर पाहुणे जेवतात, त्यामुळे हे वाचण्यात गेलेली दहा मिनिटं सर्वांत महत्त्वाची.

शनिवार ते बुधवार

पहिल्या वर्षी मी गोठलेली टर्की बुधवारी सकाळी फ्रीजरमधून काढली आणि गुरुवारी दुपारी तिच्या पोटात अजून बर्फ होता. आम्ही रात्री नऊला जेवलो. हिशेब असा आहे: फ्रीजच्या खालच्या भागात दर ४ ते ५ पौंडांना एक पूर्ण दिवस लागतो. १२ पौंडांची टर्की शनिवारी रात्री फ्रीजरमधून फ्रीजमध्ये आली, की मंगळवारी संध्याकाळी सुटी होते. तिला काठ असलेल्या मोठ्या ट्रेमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. दूध, दही, पूजेची फळं वरच्या कप्प्यात. कच्च्या मांसाचा थेंब खाली पडला तर तो ट्रेमध्येच राहायला हवा.

शनिवार हुकला असेल तर थंड पाण्याचा मार्ग आहे. वेष्टनासकट टर्की थंड पाण्यात बुडवून ठेवायची, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, आणि पौंडाला अर्धा तास धरायचा. १२ पौंडांना सहा तास झाले. अशी सुटी केलेली टर्की लगेच शिजवावी लागते. ओट्यावर रात्रभर उघडी मात्र कधीही ठेवू नका.

मंगळवारी रात्री मीठ लावायचं. त्याआधी टर्की धुवायची नाही. आपल्याला मांस चार पाण्यांनी धुऊन, हळद-मीठ चोळून घ्यायची सवय असते, त्यामुळे हे मनाला पटायला वेळ लागतो. पण एवढा मोठा पक्षी सिंकमध्ये धुताना कच्चं पाणी ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतं. जंतू ओव्हनच्या आचेने मरतात, धुण्याने नाही. पोटातली मान आणि काळीज-पेट्याची पिशवी काढा, ती शोधायला विसरू नका, आणि कागदी टॉवेलने टर्की आतून-बाहेरून टिपून कोरडी करा. ज्या दिवशी सासूबाई घरी असतात, त्या दिवशी हे काम मी रात्री सगळे झोपल्यावर करते आणि ओटा, सिंक साबणाने घासून ठेवते. सकाळी त्यांना स्वच्छ ओटा मिळायला हवा.

मीठ दर ५ पौंडांना एक मोठा चमचा, तेही जाड, भुसभुशीत कोशर मीठ. आपलं बारीक मीठ असेल तर निम्मं. छातीवरची कातडी बोटांनी हलकेच सुटी करून थोडं मीठ तिच्या आत, बाकीचं वरून आणि पोटात. मग टर्की न झाकता फ्रीजमध्ये. दोन रात्रींत मीठ आतवर मुरतं आणि कातडी वाळते. वाळलेली कातडीच पुढे कुरकुरीत होते.

टर्कीला मालवणी मसाला लावावा का, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. माझं मत स्पष्ट आहे: गुरुवारी नको. टर्कीचं मांस सौम्य असतं, लोणी, सेज आणि थाइमच्या पानांबरोबर ते छान लागतं. मुलांना शाळेतल्या मित्रांच्या घरी मिळते तशी चव एकदा आपल्याही घरी मिळू द्या. मसाल्याला शुक्रवार आहे.

क्रॅनबेरीचा मेथांबा

हा सोमवारी करा, चार दिवसांत तो आणखी मुरतो. आमच्या न्यू जर्सीच्या दक्षिणेला पाइन बॅरन्सच्या रेताड, दलदलीच्या पट्ट्यात क्रॅनबेरीची शेतं आहेत. तोडणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात. फळाच्या आत हवेच्या पोकळ्या असल्यामुळे झाडावरून सुटलेली फळं तरंगतात आणि सगळं तळं लालभडक होतं. ऑक्टोबरमध्ये एकदा मुलांना घेऊन ते बघून या.

क्रॅनबेरी कच्च्या कैरीसारखी आंबट आणि वर किंचित कडवट असते. मेथीचा कडवटपणा आणि गुळाचा गोडवा तिला इतका जुळतो, की हे फळ मेथांब्यासाठीच जन्माला आलंय असं वाटावं. अमेरिकन लोक साखर आणि संत्र्याची साल घालून तिचा सॉस करतात. पण आमचे शेजारी आता मेथांब्याची बाटलीच मागून नेतात.

१२ औंसांची, म्हणजे ३४० ग्रॅमची एक पिशवी निवडून घ्या, मऊ पडलेली फळं काढून टाका. दोन मोठे चमचे तेल तापवून अर्धा चमचा मोहरी तडतडू द्या, मग अर्धा चमचा मेथीदाणे. मेथी तांबूस झाली की लगेच पुढचं घाला, काळी पडली तर सगळं कडू होतं. पाव चमचा हिंग, पाव चमचा हळद, दोन सुक्या मिरच्या, आणि लगोलग क्रॅनबेरी. पाव कप पाणी घालून झाकण ठेवा. दोन-तीन मिनिटांत फळं फटफट फुटायला लागतात, तेव्हा तोंड लांब ठेवा. निम्मी फुटली की एक कप चिरलेला गूळ, एक चमचा मीठ, एक-दीड चमचा लाल तिखट. मंद आचेवर सात-आठ मिनिटं. पातळ वाटलं तरी आच बंद करा. क्रॅनबेरीत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) भरपूर असतं, थंड झाल्यावर मेथांबा आपोआप आळतो. घट्ट होईपर्यंत आटवत बसलात तर दुसऱ्या दिवशी चमचाही शिरणार नाही.

क्रॅनबेरी ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच ताजी मिळते. दोन-चार पिशव्या जशाच्या तशा फ्रीजरमध्ये टाका, गुढीपाडव्यापर्यंत कैरीची आठवण भागते.

स्टफिंग म्हणजे ब्रेडचा कुस्करा

नावाप्रमाणे हे टर्कीच्या पोटात भरायचं असतं, पण मी ते नेहमी वेगळ्या ट्रेमध्ये भाजते. पोटात भरलं की ते आतवर पुरेसं तापेपर्यंत छातीचं मांस कोरडं होतं, आणि शाकाहाऱ्यांच्या दृष्टीने पदार्थ बाद होतो.

शिळ्या पोळ्यांचा कुस्करा जिने केला आहे तिला हे शिकवावं लागत नाही. तिथे कांदा-फोडणीत पोळी परततो आणि पाण्याचा हबका मारतो, इथेही तेच. एक पौंड साध्या, घट्ट पावाचे इंचभर तुकडे करून मंगळवारी रात्री ट्रेमध्ये पसरून वाळवा. बुधवारी ११३ ग्रॅम लोण्यात, म्हणजे इथल्या एका अख्ख्या कांडीत, दोन मोठे कांदे आणि सेलरीच्या चार दांड्या बारीक चिरून मऊ होईपर्यंत परता. सेज, थाइम, मिरपूड, मीठ. हवे तर अक्रोड. पावाच्या तुकड्यांवर हे ओता. गुरुवारी दुपारी अडीच कप भाज्यांचा गरम अर्क थोडा-थोडा शिंपडत कालवा. पाव ओलसर झाला पाहिजे, लगदा नको. ३५० अंश फॅरनहाइटवर आधी झाकून २० मिनिटं, मग उघडून १५-२० मिनिटं, वरचा थर खरपूस होईपर्यंत. अंडं न घालताही छान जमून येतं.

रताळी, फरसबी, बटाटे

दुकानात ‘याम’ नावाने मिळणारं नारिंगी रताळं पाणचट आणि फार गोड असतं, फोडी विरघळतात. आपल्या लाल सालीच्या रताळ्याच्या जवळ जाणारं म्हणजे जांभळट सालीचं, आतून पांढरं जपानी रताळं, तेच घ्या. तीन पौंडांच्या जाड चकत्या तीन चमचे तुपात झाकून वाफवा, पाऊण कप गूळ आणि दोन-तीन चमचे पाणी घाला, पाक चकत्यांना चिकटला की वेलची आणि ओलं खोबरं. बुधवारी करून ठेवता येतात, गुरुवारी ओव्हनमध्ये गरम करायच्या.

फरसबीचं कॅसरोल, म्हणजे ट्रेमध्ये घालून ओव्हनमध्ये भाजलेली फरसबी, आमच्याच राज्यातलं. १९५५ मध्ये कॅमडेनला कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी ते बसवलं: फरसबी, मश्रूम सुपाचा डबा, दूध, थोडा सोया सॉस, मिरपूड, वर तळलेला कांदा. बिर्याणीसाठी तळतो तोच कांदा वापरा, डब्यातल्यापेक्षा कितीतरी चांगला.

बटाटे पिवळ्या गराचे, पाच पौंड. मिठाच्या पाण्यात उकडून गरम असतानाच कुस्करा, आधी लोणी आणि मग गरम दूध. थंड दूध घातलं की चिकट होतात. मिक्सर लावू नका.

भोपळ्याचे घारगे

पंपकिन पाय मी विकतचाच आणते. पण घारगे घरचे, आणि बुधवारी संध्याकाळी मुलांच्या मदतीने. डब्यातला शिजवलेला भोपळा वापरला तर किसणं-वाफवणं वाचतं. फक्त डबा घेताना नुसता भोपळा लिहिलेला घ्या, पायसाठी मसाला-साखर मिसळलेला नको.

१५ औंसांचा एक डबा, ४२५ ग्रॅम, आणि सव्वा कप किसलेला गूळ जाड बुडाच्या कढईत एकत्र करा. डब्यातला भोपळा ओला असतो, म्हणून गूळ विरघळल्यावरही दहा-बारा मिनिटं ढवळत आटवा. झारा फिरवल्यावर तळ क्षणभर दिसला पाहिजे. कोमट झाल्यावर दोन चमचे तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, वेलची, जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक, साधारण तीन कप. पाणी एक थेंबही नको. पीठ पुरीच्या पिठापेक्षा घट्ट हवं, सैल झालं की घारगे तेल पितात. तासभर झाकून ठेवा. प्लास्टिकच्या कागदावर तुपाचं बोट लावून जाडसर थापा, वर खसखस दाबा, मध्यम आचेवर तांबूस तळा. तीन-चार दिवस टिकतात. नैवेद्याचे आधी वेगळ्या डब्यात काढून ठेवा, कारण मुलं येता-जाता डबा रिकामा करतात.

गुरुवार, घड्याळ समोर ठेवून

नोव्हेंबरअखेर आमच्याकडे साडेचारच्या सुमाराला दिवस मावळतो. म्हणून व्रताची संध्याकाळची पूजा आणि अमेरिकन पद्धतीचं पाचचं जेवण आपोआप जुळतं. मी पाचपासून उलटं मोजते.

सकाळ सासूबाईंची. घट मांडणं, फुलं, आणि त्यांच्या सोवळ्याचा स्वयंपाक, म्हणजे वरण-भात, बटाट्याची भाजी, खीर, अकरापर्यंत आटोपतो. तोवर मुलं दिवाणखान्यात न्यूयॉर्कची मिरवणूक टीव्हीवर बघत बसतात. मेसीज या दुकानाची ही मिरवणूक १९२४ पासून निघते आणि तिच्यातले राक्षसी फुगे मोठ्यांनाही खिळवून ठेवतात.

१२.१५ ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटला लावा. टर्कीवर मऊ लोणी चोळा, पोटात कांद्याच्या फोडी आणि थाइम. ट्रेमध्ये कपभर पाणी, म्हणजे गळलेला रस जळत नाही.

१२.४५ टर्की आत. आता दोन तास दार उघडायचं नाही. दर वीस मिनिटांनी रस ओतत बसण्याने आच तेवढी निघून जाते आणि कातडी मऊ पडते.

२.४५ पहिली तपासणी. मांडीच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटर खुपसा, हाडाला टेकवू नका. १६५ अंश, म्हणजे ७४ सेल्सिअस दाखवलं की झालं. छातीतही तेवढंच हवं. मांसाचा रंग, टर्कीसोबत येणारी उडी मारणारी खुंटी, घड्याळ, यांपैकी कशावरही भरवसा नको. थर्मामीटर वीस डॉलरच्या आत येतो आणि या लेखातून एकच वस्तू घ्यायची असेल तर ती घ्या. छाती फार लाल होत असेल तर फॉइलचा तुकडा सैल टाका.

३.४५ ते ४ टर्की बाहेर. फॉइलखाली निदान अर्धा तास विसावू द्या, लगेच कापली तर सगळा रस फळीवर वाहून जातो. ओव्हन आतून पुसून ३५० अंशांवर न्या आणि स्टफिंग, फरसबी, रताळी एकदम आत सारा. हाच तो चाळीस मिनिटांचा अवधी, ज्यासाठी सगळे ट्रे आधी ओव्हनमध्ये बसवून पाहायचे असतात. मी बुधवारी रिकामे ट्रे ठेवून बघते.

४.१० दोन ग्रेव्ही, दोन पातेल्यांत, दोन वेगळ्या डावांनी. दोन्हीत तीन चमचे लोण्यात तीन चमचे मैदा बदामी होईपर्यंत परतायचा. एकात टर्कीच्या ट्रेमधला रस, वरची चरबी काढून. दुसऱ्यात कांद्यासोबत भाजलेल्या मश्रूमचा अर्क. दोन्हीत दोन-दोन कप द्रव. शाकाहारी पातेलं डाव्या शेगडीवर, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं.

४.३५ आरती आणि नैवेद्य. आमचे अमेरिकन शेजारी हात जोडून उभे राहतात, कहाणीचा अर्थ मुलगी त्यांना हळू आवाजात सांगते.

४.४५ टर्की कापणं. आधी दोन्ही तंगड्या सांध्यातून सोडवा, मग छातीचा प्रत्येक भाग हाडापासून अख्खा काढून घ्या आणि फळीवर धाग्यांच्या आडवे काप करा. अख्ख्या पक्ष्यावरून काप काढण्यापेक्षा हे सोपं आणि मांस ओलं राहतं.

पान वाढणं आणि आभार मानणं

टर्की एका मेजावर आणि शाकाहारी पदार्थ दुसऱ्यावर, असं मांडा. चमचे अदलाबदल होत नाहीत आणि कोणाला विचारत बसावं लागत नाही. प्रत्येकाच्या ताटात मेथांबा डावीकडेच वाढते, तिथेच तो शोभतो.

जेवण सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपण कशासाठी ऋणी आहोत ते सांगायचं, अशी इथली चाल आहे. आपल्याला ते अवघड जातं. आपण आईला, नवऱ्याला, बहिणीला कधी तोंडावर ‘आभारी आहे’ म्हणत नाही, म्हटलं तर समोरचाच रागावतो. त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा. दुपारी मुलं सगळ्यांना कागदाची पानं कापून देतात. प्रत्येकाने त्यावर, नाव न घालता, एक ओळ लिहायची, मराठीत किंवा इंग्रजीत. पानं टोपलीत पडतात आणि घरातलं सर्वांत मोठं माणूस ती वाचतं. २०२२ च्या एका पानावर एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, “तीन महिन्यांनी वरण-भात.” सासूबाई ते वाचून थांबल्या, उठल्या आणि त्याच्या पानात आणखी एक मूद वाढून आल्या. ती सगळी पानं एका डब्यात जपून ठेवली आहेत.

बोलावताना अशाच माणसांचा विचार आधी करा. या सुट्टीत वसतिगृहं सुनसान होतात, भोजनालयं बंद असतात, आणि दूरच्या देशातून आलेल्या मुलांना जायला घर नसतं. तुम्ही स्वतः कोणाकडे जाणार असाल तर ओव्हन लागणार नाही असा पदार्थ न्या. घारगे आणि मेथांबा दोन्ही चालतात. आणि त्यात काय-काय आहे ते चिठ्ठीवर लिहा, विशेषतः दाणे किंवा काजू असतील तर.

शुक्रवारचा पांढरा रस्सा

जेवण मांडल्यापासून दोन तासांच्या आत उरलेलं सगळं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. मोठ्या पातेल्यात नको, उथळ डब्यांत, म्हणजे लवकर गार होतं. पाहुण्यांसाठी रिकामे डबे आधीच आणून ठेवा आणि निघताना बांधून द्या. मांस काढून उरलेला सांगाडा टाकू नका.

शुक्रवारी सकाळी तो मोडून मोठ्या पातेल्यात घाला, एक कांदा, आल्याचा तुकडा, तमालपत्र, दहा-बारा मिरी, आणि बुडेल इतकं पाणी. अगदी मंद आचेवर तीन तास. गाळून घ्या. दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, दहा-बारा काजू तासभर गरम पाण्यात भिजवून, आलं-लसूण आणि दोन हिरव्या मिरच्यांबरोबर गुळगुळीत वाटा. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडे, दोन सुक्या मिरच्या. वाटण त्यात रंग न बदलता परता, सहा कप अर्क घाला, उकळी येऊ द्या. उरलेलं मांस घाला, आच कमी करा आणि नारळाच्या दुधाचा एक डबा ओता. यानंतर उकळायचं नाही, दूध फाटतं. मीठ शेवटी, चाखून, कारण टर्कीचं मीठ अर्कात उतरलेलं असतं. कोल्हापूरचा मटणाचा रस्सा तो कोल्हापूरचाच, पण भात, लिंबू आणि हा रस्सा एवढं असलं की शुक्रवारी कोणी सेलसाठी दुकानांच्या रांगेत जायचं नाव काढत नाही.

शिजलेली टर्की फ्रीजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, म्हणजे सोमवारपर्यंत. नुसता अर्क जास्त झाला असेल तर नारळाचं दूध घालण्याआधीच बाजूला काढा, दोन-दोन कपांच्या डब्यांत भरा, वर तारीख लिहा आणि फ्रीजरमध्ये ठेवा.